देवी पुढे, नकाशा मागे

डॉ. ऋतुराज यांच्या दवाखान्यात वयाचा मान द्यायचाच झाला, तर तो डोळ्याचा नकाशा काढणाऱ्या यंत्राला द्यावा लागला असता. त्याला जोडलेला कॉम्प्युटर इतका जुना होता की पडद्याचं पोट मागे हातभर सुटलेलं होतं, आणि सकाळी सुरू करताना तो आधी कुरकुर करून मगच उजेड द्यायचा. नवीन यंत्र घ्यायचं असं डॉक्टर दर दिवाळीला म्हणत आणि दर दिवाळीला दवाखान्याच्या भिंती रंगवून मोकळे होत. तक्रारीला तशी जागाही नव्हती. पेशंटने हनुवटी टेकवायची, रुचिताने बटण दाबायचं, की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा उंचसखल नकाशा पडद्यावर उमटायचा. सपाट भाग निळा, ठीकठाक भाग हिरवा, उंचवटा नारिंगी, आणि काच फारच टोकदार झाली असेल तर लाल. वर्षानुवर्षं तेच रंग पाहून डॉक्टरांची नजर इतकी सरावली होती की बाजूचे आकडे ते क्वचितच वाचत.

या यंत्रावर बसायचं काम रुचिताचं. ती शिकलेली होती, चोख होती आणि तोंडाने जरा फटकळ होती. मानपाडा रोडवरच्या त्या दवाखान्यात तिच्या फटकळपणाला एकच माणूस पुरून उरायचं, ते म्हणजे डॉक्टरांच्या आई, शांताबाई. त्यांना सगळे 'आई'च म्हणत. आई दवाखान्यात रोज येत नसत, पण नवरात्र लागलं की घट दवाखान्यातच बसायचा आणि त्याच्यामागोमाग आईही.

नऊ दिवसांचे नऊ रंग हे काही नवीन नव्हतं. सोमवारी पांढऱ्या, मंगळवारी लाल अशा साड्या नेसून दवाखान्यातल्या बायका रोज एक फोटो काढत. यंदा आईंच्या डोक्यात भर पडली. त्या दिवसाच्या रंगात नटलेली देवी दवाखान्यातल्या प्रत्येक पडद्यावर दिसली पाहिजे. बाहेरच्या टीव्हीवर, काउंटरवर, डॉक्टरांच्या टेबलावर, आणि हो, नकाशाच्या यंत्रावरसुद्धा.

"आई, त्याच्यावर कशाला? ते बिचारं आधीच धापा टाकतंय," रुचिता म्हणाली.

"घरातल्या म्हाताऱ्याला पहिला नमस्कार करतात ना? मग यंत्रातल्या म्हाताऱ्याला का नाही?"

रुचिताने पांढऱ्या शालूतली देवी त्या म्हाताऱ्या पडद्यावर लावली. पडदाभर देवी आणि तिच्यावर छोट्या चौकोनात नकाशा. गंमत अशी झाली की नकाशा उघडला रे उघडला की देवीचा गोरापान चेहरा शेवाळासारखा हिरवट व्हायचा, आणि नकाशा बंद केला की पुन्हा उजळायचा. रुचिताला त्याचं हसूच आलं. जुनं यंत्र आहे, करतं काहीतरी, म्हणून तिने ते कोणाला सांगितलं नाही. चार दिवस हे असंच चाललं.

गुरुवारी संध्याकाळी आरतीचं तबक घेऊन आई खोल्याखोल्यांतून फिरत नकाशाच्या यंत्रापाशी आल्या आणि तिथेच थबकल्या. पडद्यावर पेशंटचा नकाशा उघडा होता आणि पिवळ्या शालूतल्या देवीचं तोंड काळंनिळं पडलं होतं.

"अगं बाई! हे काय केलंत तुम्ही देवीचं? आणि ऐन नवरात्रात?"

डॉक्टरांनी समजावलं, रुचिताने समजावलं. आई काही ऐकेनात. देवी नीट होईपर्यंत मी पाणी पिणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. उपासाच्या बाईने पाणीही सोडलं म्हटल्यावर डॉक्टरांचा धीर सुटला आणि त्यांनी पोपटला फोन लावला. दवाखान्यातले कॉम्प्युटर पोपटच बघायचा. तो आला, खटपट केली, आणि पंधरा मिनिटांत देवी गोरी झाली. नकाशा उघडला तरी गोरीच राहिली. आईंनी त्याला दोन्ही हातांनी प्रसाद दिला. जाता जाता पोपट रुचिताला काहीतरी सांगत होता, पण आरतीचा उरलेला भाग जोरात सुरू झाला होता आणि तो स्वतःच टाळ्या वाजवत होता. तिने नुसती मान डोलावली.

शुक्रवारी हिरवा रंग. देवी हिरव्या शालूत, मागे केळीची पानं, हातात हिरवा चुडा, सगळं हिरवंगार. त्याच दिवशी सकाळी खाडीकाठच्या कोपर गावचा जयेश तरे आला.

जयेश तेवीस-चोवीस वर्षांचा, बोलघेवडा, आणि जहाजावर जायच्या ध्यासाने झपाटलेला. डेकवरच्या नोकरीसाठी त्याची निवड जवळजवळ झालेली होती. अडकलं होतं ते चष्म्यावर. लांबचं बिनचष्म्याने दिसलं पाहिजे, ही कंपनीची अट. म्हणून लेझर करून नंबर घालवायचा, तेही महिन्याअखेरच्या मेडिकलच्या आधी घाव भरेल इतक्या लवकर. लेझर ठाण्याच्या सेंटरमध्ये डॉ. ऋतुराज स्वतःच करत. सेंटरची फक्त मशीन, तपासणी सगळी इथली.

"मॅडम, लाल आलं तर काय?" हनुवटी टेकवता टेकवता त्याने विचारलं.

"लाल आलं तर लेझर नाही. काच आधीच कमजोर असते, ती कापली तर आणखी फुगते, आणि मग दिसणं कायमचं बिघडतं. बोलू नकोस, हलतोयस."

रुचिताने बटण दाबलं. दोन्ही डोळे हिरवे. उजवा हिरवा, डावाही हिरवा, खालच्या बाजूला जरा मळकट हिरवा, पण हिरवाच. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच पडद्याकडे पाहिलं, काचेची जाडी मोजलेली होती ती ठीक होती, आणि म्हणाले, "छान. सोमवारी ठाण्याला ये." जयेशने नकाशाचा रंगीत कागद मागून घेतला, त्याच्यावर दवाखान्याचा शिक्का मारून घेतला आणि जाताना टीव्हीतल्या देवीलाही हात जोडले.

शनिवारचा रंग करडा. करडी साडी कोणाकडे नसते, त्यामुळे त्या दिवशी बायकांचा फोटो जरा उतरलेलाच आला. रुचिताने राखाडी ओढणीवर भागवलं आणि ती यंत्रापाशी बसली. दर शनिवारी सकाळी यंत्राची परीक्षा व्हायची. हनुवटीच्या जागी एक छोटा गुळगुळीत गोळा लावायचा आणि त्याचा नकाशा काढायचा. गोळा सगळीकडून सारखा, म्हणून नकाशाही सगळीकडे सारखा हिरवा यायचा. आजवर त्याने दुसरा रंग दाखवलेला नव्हता.

आज गोळा करडा आला. राखेच्या रंगाचा, कडेला जरासा निळसर.

तिने गोळा पुसला आणि पुन्हा लावला. पुन्हा करडा. तिने यंत्र बंद करून चालू केलं, तरी करडाच. मग तिची नजर देवीवर गेली. करड्या शालूतली देवी, मागे करडे ढग, सगळं कसं ठाकठीक आणि प्रसन्न. रुचिताने देवीचं चित्र बंद केलं. क्षणात गोळा हिरवागार झाला. चित्र उघडलं, पुन्हा करडा. तिने पोपटला फोन लावला.

"परवा काय केलंस रे तू नक्की?"

"बोललो ना मॅडम तुम्हाला? मागच्याचे रंग थोडे हलणार म्हणून."

"आरती चालू होती. मला काही ऐकू आलं नाही. आता नीट सांग."

"हे बघा, तो डब्बा जुना आहे. नव्या पडद्याला लाखो रंग, याला एका टायमाला फक्त दोनशे छपन्न. म्हणजे कसं, मिसळणाच्या डब्यात वाट्याच मोजक्या. जो प्रोग्रॅम पुढे बसेल तो सगळ्या वाट्यांत आपले मसाले भरतो. मागे जो आहे त्याने काय करायचं? त्याला हळद पाहिजे आणि डब्यात हळदच नाही, तर त्यातल्या त्यात जवळची धणेपूड घेतो आणि गप बसतो. आधी नकाशा पुढे होता, म्हणून देवीची पंचाईत व्हायची. मी देवीला कायमची पुढे बसवली."

"आणि नकाशाला धणेपूड."

"आता आईच बोलल्या देवी नीट पाहिजे, तर मी काय करणार?" पोपट म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं.

रुचिताने फोन ठेवला. काल देवी हिरवी होती. काल डब्यात सगळ्या हिरव्याच वाट्या होत्या, आणि नारिंगी मागणाऱ्याला मळकट हिरवा मिळाला असणार. जुने नकाशे यंत्रात साठवलेले असतात. तिने देवीचं चित्र बंद ठेवलं आणि कालचा जयेशचा डावा डोळा उघडला.

खालच्या बाजूला नारिंगी डाग होता. फार मोठा नव्हता, पण जागेवर होता, जिथे हा आजार सुरू होतो बरोबर तिथेच. तिला रडू आलं नाही, राग आला. देवीचा नाही, पोपटचा नाही, आईंचाही नाही. काल खालचा हिरवा मळकट आहे हे आपल्याला दिसलं होतं आणि आपण गप्प बसलो, याचा आला. मग तिने कालचे बाकीचे नकाशेही एकेक करून पाहिले. सगळे चष्म्याच्या नंबरवाले होते, लेझरला जाणारा एकटा जयेशच.

डॉक्टर त्या सकाळी ठाण्याला होते. तिने फोनवर सगळं सांगितलं, हिरव्या आणि नारिंगी दोन्ही नकाशांचे फोटो पाठवले.

"आकडे मीही बघायला हवे होते," ते म्हणाले. "त्याला बोलावून घे. दुपारपर्यंत पोचतो."

ती पडद्यावरून देवीचं चित्र काढून टाकतेय हे पाहून आई दारात येऊन उभ्या राहिल्या. रुचिताने त्यांना काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. आईंनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "काढ मग. बघत काय बसलीस? तिला इथे पुढे बसायची हौस नव्हती, मला होती." आणि त्या बाहेर जाऊन घटापाशी बसून राहिल्या.

दुपारी जयेश आला तो वडिलांना घेऊन. दामाजी तरे साठीकडे झुकलेले, अंगाने दणकट, पण जिना चढताना त्यांनी मुलाचा खांदा धरला होता. एकेकाळी खाडीत त्यांची होडी होती. नजर अधू झाली तशी त्यांनी ती विकून टाकली. खाऱ्या वाऱ्याने डोळे गेले असं घरात सगळे धरून चालले होते. चष्मे करून पाहिले, एकाचाही उपयोग झाला नाही, मग त्यांनी तो नाद सोडला.

डॉक्टरांनी जयेशचा नकाशा पुन्हा काढवला, आकडे स्वतः वाचले आणि सरळ सांगितलं. "लेझर करता येणार नाही. काल आमची चूक झाली, त्याबद्दल मी माफी मागतो. पण तुझ्या डाव्या डोळ्याची काच खालून फुगायला लागली आहे. अगदी सुरुवात आहे. ती आहे तिथे थांबवायचा उपचार आहे, तो करू. नंबर मात्र राहणार."

"म्हणजे जहाज?"

"ते नाही जमणार."

जयेश खुर्चीतून उठला. "काल हिरवं, आज नारिंगी. उद्या काय निळं बोलणार तुम्ही? खेळ आहे का हा?"

"अरे, कालचे रंग खरे नव्हते."

"माझ्याकडे कागद आहे. तुमचा शिक्का आहे त्याच्यावर." त्याने शर्टाच्या खिशावर थाप मारली. "तुम्ही नका करू. दुसरीकडे करतील. कल्याणला आहेत, ठाण्याला दहा आहेत. हा कागद दाखवला की करतील."

डॉक्टरांचा आवाज चढला, जयेशचाही चढला. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी डॉक्टर कपाळ चोळत दुसऱ्या खोलीत गेले आणि रुचिता त्या बापलेकांबरोबर एकटी राहिली.

"तू दुसरीकडे गेलास तर मी तिथे फोन करीन," ती म्हणाली. "जिथे जिथे लेझर आहे तिथे तुझ्या नावाने फोन करीन."

"माझ्याशी काय दुश्मनी आहे तुमची, मॅडम?" त्याचा आवाज फाटला. "दोन वर्षं नुसता ह्याच्या मागे आहे मी. तुम्ही देवीचा फोटो लावला, त्यात माझी काय चुकी?"

"तुझी काहीच नाही."

"मग?"

चूक आपली आणि भोगणार हा, हे तिला दिसत होतं. तिने नजर वळवली तर कोपऱ्यात दामाजी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. मान एका बाजूला तिरकी करून, डोळे बारीक करून, बोटाने पापणीची कड ओढून. असं बघणारे लोक तिने पाहिलेले होते. खाऱ्या वाऱ्याने डोळे गेलेली माणसं असं बघत नाहीत.

"काका, इथे बसता का जरा? तुमचाही नकाशा काढू."

"माजा कशाला? मना कुटं बोटीवं जायाचंय?"

"बसा तर."

दामाजींनी हनुवटी टेकवली. रुचिताने बटण दाबलं. पडद्यावर लाल रंग उमटला. डाग नाही, सगळीकडेच लाल, खाली तर काळपट लाल. दुसरा डोळाही तसाच. यावेळी पुढे देवी नव्हती, मागे कोणी नव्हतं, सगळ्या वाट्या नकाशाच्याच होत्या. रागारागाने दाराकडे निघालेला जयेश मागे वळला आणि वडिलांच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

"कसा आलाय रं?" दामाजींनी न हलता विचारलं.

जयेश पुढे वाकून तो लाल नकाशा बघत होता.

"काका, खाडीवर संध्याकाळी दिवे लागतात ना," रुचिताने विचारलं, "ते तुम्हाला कसे दिसतात?"

"कसं म्हंजे? दिव्यासारखं."

"एक दिवा असला तर एकच दिसतो?"

"एक कसा दिसंल? एकाचं चार-पाच, एकमेकांना चिकटून. चांद बी तसाच, पाकल्या-पाकल्यांचा. लय वर्सांपासून."

"बाबा," जयेश म्हणाला, "हे तुम्ही कधी बोलला नाय."

"त्येच्यात काय बोलायचं? सगल्यांना दिसतंय तसंच मना दिसतंय."

ज्या माणसाला इतक्या वर्षांत एकही दिवा एकटा दिसला नव्हता, तो हे सांगताना शर्टाची बाही सारखी करत होता. रुचिताला त्या क्षणी आपल्या चुकीचंही भान राहिलं नाही. तिला फक्त समोरचा लाल पडदा आणि त्याच्यापुढचा पोरगा दिसत होता.

"माझं पण हे असंच होणार?" जयेशने हळू आवाजात विचारलं.

"आत्ता थांबवलं तर नाही होणार. नारिंगी आहे तिथेच राहील. लेझर केलंस तर होईल, आणि काकांना जेवढी वर्षं लागली तेवढी तुला लागणार नाहीत."

त्याने खिशातला हिरवा कागद काढला. एकदा उलगडून त्याच्याकडे पाहिलं, जहाजाकडेच पाहत असल्यासारखं, बराच वेळ. मग तो रुचितापुढे धरला.

"फाडा. माझ्या हातून नाय होणार."

तिने कागद घेतला आणि त्याच्यासमोरच फाडला. जयेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. दामाजी हनुवटीच्या पट्ट्यावरून मान काढून मागे वळले. मुलाचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता, पण तो रडतोय हे आवाजावरून कळलं असावं. त्यांचा हात हवेत चाचपडत त्याच्या मनगटापर्यंत आला. एवढा वेळ ते मनात कसला तरी हिशेब जुळवत होते, तो आत्ता जुळला होता.

"म्हंजे तुना," त्यांनी विचारलं, "तुना एकच दिवा दिसतंय?"

"हो, बाबा," जयेश म्हणाला. "अजून एकच."